अकरा वर्षांचा एडका

पुंडलिकने पटाशीने फळीचे खिळे उचकटले, आतला भुसा बाजूला सारला आणि दोन्ही हात घालून ते डोकं पेटीबाहेर काढलं. डोकं म्हणजे कवटीचा वरचा तुकडा आणि त्याला धरून असलेली दोन शिंगं. पण शिंगं अशी, की उचलताना त्याला कंबरेत वाकावं लागलं. बुडाशी पोटरीपेक्षा जाड, मागे वळून खाली आलेली आणि तिथून पुन्हा गालाजवळून पुढे उसळलेली.

"बिगहॉर्न," अकबर म्हणाला. "अमेरिकेतला रानटी एडका. तिकडे रानमेंढ्यांचे चार प्रकार. तीन आपल्याकडे भिंतीवर आहेत, हा चौथा. अबू मिशारीचा संच पुरा झाला."

अबू मिशारी म्हणजे त्या दोघांचा कफील, ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा होता तो मालक. कुवेतच्या शुवैख भागात त्याचा फर्निचरचा कारखाना होता, आणि कारखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली, जिथे त्याने मारलेल्या जनावरांची मुंडकी भरली जात. एक सीरियन उस्ताद पूर्वी ते काम करी. तो दमास्कसला परत गेला तेव्हा सुतारकामातून पुंडलिकला उचलून तिथे बसवण्यात आलं. अकबर दाभोळचा. कारखान्याचे कागद, परवाने, विमानाने येणारा माल, सगळं त्याच्या हातात. इंग्रजी आणि अरबी दोन्ही चांगली, म्हणून पाहुणे आले की दुभाषाही तोच.

हे एकोणीसशे नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरातलं. त्या एका एडक्याच्या परवान्यासाठी अबू मिशारीने अमेरिकेत लिलावात बोली लावली होती, आणि ती रक्कम ऐकून कारखान्यातल्या लोकांनी एकमेकांकडे नुसतं बघितलं होतं.

पुंडलिकने डोकं बाकावर ठेवलं आणि सवयीने शिंगावरून अंगठा फिरवला. उस्तादाने त्याला शिकवलं होतं, की डोंगरावर हिवाळ्यात चारा नसतो, शिंगाची वाढ थांबते आणि तिथे खोल वळ पडतो. एक वळ म्हणजे एक वर्ष. त्याने मोजले. पुन्हा मोजले.

"कागद काय म्हणतो? वय किती?"

अकबरने फाईल उघडली. एडका मारला की तिथल्या वनखात्याच्या अधिकाऱ्याला दाखवावा लागतो. तो वय लिहितो आणि उजव्या शिंगाला मागून भोक पाडून नंबराचं धातूचं बूच ठोकतो. बूच असेल तर शिकार कायद्यातली, नसेल तर चोरीची. "साडेसात वर्षं," अकबरने वाचलं. "बूच आहे ना? नंबर बघ."

बूच होतं, नंबरही बरोबर होता. पण पुंडलिकने दिवा खाली ओढला, डोळा शिंगाला लावला आणि नखाने बुचाची कड कोरली. काळपट राळ निघाली. नव्या शिंगात ठोकलेल्या बुचाभोवती राळ लागत नाही, शिंगच त्याला आवळून धरतं. हे बूच दुसऱ्या कुठल्या तरी शिंगातून काढून इथे चिकटवलं होतं.

"अकबर," तो म्हणाला, "ह्या कागदावरचा जनावर ता ह्या न्हय. हेची अकरा वर्सा झाली हत. निदान अकरा."

अकबरने फाईल मिटली, दाराकडे बघितलं आणि मग आवाज उतरवून बोलला, "दादा, तुम्ही काही बघितलं नाही. मीही ऐकलं नाही. पुढच्या गुरुवारी अमेरिकेचा मोजणीदार येतोय, शिंगं मोजून शिकाऱ्यांच्या पुस्तकात नोंद करायला. मोजेल, सही करेल, जाईल. आपल्याला काय करायचंय?"

पुंडलिकने दिवा वर सरकवला. अकबर त्याच्याहून आठ वर्षांनी लहान होता, पण कुवेतमध्ये कधी गप्प राहायचं हे त्याला जास्त कळत होतं.

*

शनिवारी अबू मिशारी स्वतः मागच्या खोलीत आला. पन्नाशीचा, उंच, हळू बोलणारा माणूस. सात वर्षांत त्याने पुंडलिकवर आवाज चढवला नव्हता. इराकने कुवेतवर हल्ला केला तेव्हा पुंडलिक बगदाद, अम्मान करत हात हलवत गावी पोचला होता, आणि दीड वर्षाने त्याला नवा व्हिसा पाठवून परत बोलावणारा हाच. त्याच्या जिभेला 'प' जमत नसे, म्हणून तो त्याला बुंडलिक म्हणे. दोघं मोडक्या हिंदीत आणि तोडक्या अरबीत बोलत, आणि त्यांना एकमेकांचं सगळं कळत असे.

"बुंडलिक, हे बघ." त्याने डाव्या शिंगाच्या टोकावर हात ठेवला. टोक तीनेक इंच तुटलेलं होतं. म्हातारे एडके खडकांवर घासून आणि टकरा देऊन टोकं झिजवतात. "हे नसतं तर हा माझ्या सगळ्या दोस्तांच्या वर गेला असता. तुझे वडील शिंगातून पाखरं करायचे ना? हे टोक करून दे. कोणाला कळू नये असं."

पुंडलिकने हातातलं फडकं खाली ठेवलं. "अबू मिशारी, हा कागदावरचा एडका नाही."

अबू मिशारीने वळून दार लावून घेतलं. आता शिव्या येणार, या तयारीने पुंडलिकने बाकाची कड घट्ट धरली. पण तो माणूस शिंगांकडे तोंड करून स्टुलावर बसला.

"पहिला मारला तो लहान होता," तो म्हणाला. "दहा दिवस चढत होतो. पाय फुटले, श्वास पुरेना. जो दिसला तो मारला. अधिकाऱ्याने बूच ठोकलं. संपलं. मग परतीच्या वाटेवर, दोन दिवसांनी, हा. वर खडकावर उभा. माझ्याकडे बघत होता. बंदूक हातात होती, बुंडलिक. वाटाड्या म्हणाला, मारा, बाकीचं मी बघतो." त्याने तळवे उघडून दाखवले. "तू असतास तर?"

"माझ्या हातात बंदूक नसते, अबू मिशारी."

तो किंचित हसला, आणि लगेच हसू मावळलं. "लोक मला खुनी म्हणतात. माझी धाकटी अमेरिकेत शिकते, तीही म्हणते. पण मी भरलेल्या पैशांवर त्या डोंगरात पाण्याची टाकी झाली, पहारेकरी आले. जिथे वीस एडके होते तिथे दोनशे आहेत. शिव्या घालणाऱ्यांनी काय दिलं? एक जास्त घेतला तर माझा हक्क नाही?"

त्यातलं निम्मं खरंच असावं असं पुंडलिकला वाटलं.

अबू मिशारी उठला. दाराशी थांबून म्हणाला, "तुझा पासपोर्ट सात वर्षं माझ्या कपाटात आहे. मी कधी तुला त्रास दिला?"

"नाही."

"मग गुरुवारपर्यंत टोक कर."

*

आणि पुंडलिकने टोक केलं.

हे सांगताना त्याला पुढे कायम लाज वाटे, कारण नुसत्या भीतीने केलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्याने ते मन लावून केलं. मेंढेबाजारातून कापलेल्या एडक्याचं जुनं शिंग आणलं, खोबरेल तेल चोपडून शेगडीच्या आचेवर धरलं, मऊ पडल्यावर पिळा देऊन वळवलं. तेवीस वर्षांनी हाताला तो वास आला. जळक्या केसांचा आणि खोबऱ्याचा, विजयदुर्गच्या खाडीकाठच्या पडवीचा. सांधा त्याने सरळ न ठेवता एका वळाच्या खोबणीत लपवला. कानशीने घासलं, काचेच्या तुकड्याने खरवडलं, चहाच्या पाण्याने रंग दिला. मंगळवारी त्याने डोळे मिटून बोट फिरवलं तेव्हा त्याला स्वतःलाच सांधा सापडेना. त्याला इतका आनंद झाला, की तो खोलीत एकटाच हसला.

मग शिंग उलटं केलं आणि ते बूच दिसलं.

त्या संध्याकाळी पुंडलिकच्या रिग्गईतल्या खोलीवर अकबर आला. अबू हलीफाला त्याचं बिऱ्हाड होतं, पण आठवड्यातून एकदा तो बायकोने, रबियाने, दिलेला माशाच्या कालवणाचा डबा घेऊन इकडे येई. पुंडलिकने डबा उघडला, पण भाताला हात लावला नाही.

"माझ्या बापाशीची गोष्ट तुका कधी सांगलंय नाय," तो म्हणाला. "गव्याच्या शिंगाचे बगळे करी. सगळ्या देवगड तालुक्यात तसो हात नाय होतो. मगे कायदो इलो. आपसूक मेलेल्या गव्याची शिंगा चलतीत, मारलेल्याची नाय. बेपारी पोती आणून टाकी, सगळी मेलेल्याची म्हणून. पण बापाशीक कळा. मारलेल्याच्या शिंगाच्या बुडात रगात सुकलेला आसता. माका दाखवलान एकदा. 'पुंडल्या, हो मेलेलो न्हय, हो मारलेलो.' आणि तसोच कोरूक बसलो."

अकबर पुढे सरकून बसला.

"फॉरेस्टवाले इले. बापूस म्हणालो, माका म्हायती नाय. सायबान माझ्याकडे बघल्यान. तुका काय म्हायती आसा? मी एकोणीस वर्सांचो घोडो. मीय म्हटलंय, नाय. बेपारी सुटलो, बापूस सुटलो. पण तेच्या मागसून तेना शिंगाक हात लावूक नाय. पाच वर्सा पडवीत बसान होतो. माझ्याकडे बघी नसे. मी खोटा बोललंय म्हणान न्हय. मी तेच्यासाठी खोटा बोललंय म्हणान."

"दादा," अकबर सावकाश म्हणाला, "तुमची मुलगी, तेजस्वी, डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एवढं वर्ष निघालं की झालं. त्या मेलेल्या एडक्याला आता काय फरक पडतो?"

"एडक्याक नाय पडणा."

"मग?"

पुंडलिक म्हणाला, "मी आपणहून काय बोलूचंय नाय. पण कोणी माकाच इचारल्यान तर, अकबर, माका भीती वाटता."

"कसली? काय बोलाल याची?"

"हां."

अकबरने डब्याचं झाकण लावून डबा त्याच्याकडे सरकवला. "कोणी विचारणार नाही," तो म्हणाला. "कारागिराला कोण विचारतं?"

*

गुरुवारी दुपारच्या असरच्या नमाजानंतर अबू मिशारीच्या सुर्रातल्या घरी दिवाणिया, म्हणजे पुरुषांची बैठक, भरली. लांब खोली, तिन्ही भिंतींना लागून गाद्या, वर ओळीने मुंडकी. वीसेक पाहुणे होते, काही बिश्त नावाच्या जरीकाठी झग्यातले, काही सुटातले. कॉफीची किटली फिरत होती. मधे पांढरं कापड घातलेल्या टेबलावर शिंगं. ती उचलून फिरवायला जाणता माणूस हवा म्हणून पुंडलिकला धुतलेला शर्ट घालून बोलावलं होतं. अकबर मोजणीदाराच्या उजव्या हाताला.

मोजणीदाराचं नाव हॅलोरन. सत्तरीचा, वाळलेला, कानात यंत्र घातलेला म्हातारा. खिशातून त्याने पोलादी टेप काढली आणि डोळ्यांवर चष्मा चढवला, तसा सगळा दिवाणखाना शांत झाला. आधी बुडाचा घेर. मग प्रत्येक शिंगाचे चार भाग करून त्यांचे घेर. मग बुडापासून टोकापर्यंत वळणावळणाने लांबी. प्रत्येक आकडा तो मोठ्याने बोले, अकबर अरबीत सांगे आणि गाद्यांवरून हलकी कुजबुज उठे. उजवं झालं. डावं आलं. पुंडलिक डोकं धरून उभा होता. टेप वळत वळत टोकाकडे गेली, सांध्यावरून गेली, थांबली नाही.

आकडा ऐकून कोणीतरी "माशाअल्लाह!" म्हणालं. अबू मिशारीचा चेहरा उजळला.

हॅलोरनने परवान्याची प्रत बघितली, बुचाचा नंबर जुळवला, पेनचं टोपण काढलं. आणि सही करण्याआधी सवयीने, अगदी सहज, मान वर करून पुंडलिककडे बघितलं.

"हे डोकं तुम्ही साफ केलंत ना? मग तुमचं म्हणणं मला लिहावं लागतं. शिंगाला काही जोडलंय? काही बदललंय?"

अकबरने भाषांतर केलं नाही. पुंडलिकला तेवढं इंग्रजी कळलं होतं हे त्याला ठाऊक होतं. त्याने फक्त पुंडलिककडे पाहिलं आणि मान एवढीशी हलवली. नको.

पुंडलिकने अबू मिशारीकडे पाहिलं. तो रागाने बघत नव्हता. विश्वासाने बघत होता. ते जास्त जड होतं.

"साब," पुंडलिक हिंदीत म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला, "ये टोक मैंने बनाया है."

अकबर क्षणाचाही वेळ न घालवता इंग्रजीत बोलला, "तो म्हणतोय, काही जोडलेलं नाही. फक्त पुसून घेतलंय."

हॅलोरन पुन्हा कागदावर वाकला. पेन टेकणार, तोच पुंडलिकने शिंग फिरवून डावं टोक त्याच्यासमोर आणलं, सांध्यावर नख ठेवलं, आणि त्याला येत होतं तेवढ्या इंग्रजीत म्हणाला, "नो, सर. धिस मी मेक. थ्री इंच."

म्हाताऱ्याने अंगठा फिरवला. काही लागलं नाही. चष्मा वर करून, भिंग लावून बघितलं. मग अविश्वासाने पुंडलिककडे. पुंडलिकने खिशातली पातळ पटाशी काढली, खोबणीत घातली आणि हलकेच दाबली. टोक त्याच्या हातात आलं.

कॉफी ओतणारा हात तसाच थांबला.

आता थांबला असता तरी चाललं असतं. टोकाची गोष्ट कारागिराची फुशारकी म्हणून खपली असती, कोणीतरी हसून विषय बदलला असता. पण पुंडलिक थांबू शकला नाही. त्याने एकेका वळावर बोट ठेवत मोजलं, वन, टू, थ्री, आणि अकरावर थांबला. "पेपर सेव्हन," तो म्हणाला. "फाईल ऑफिसमे है." मग शिंग उलटं करून बुचाभोवतीची राळ दाखवली.

हॅलोरनने वळ स्वतः मोजले. ओठ हलत होते. मोजून झाल्यावर त्याने पेनला टोपण लावलं, टेप गुंडाळली आणि अबू मिशारीला म्हणाला, "सर, मी आयुष्यभर शिकार केली. आमच्यावर आधीच लोक थुंकतात. मी त्यांना सांगत आलोय, की आम्ही नियमाने मारतो, आमच्या पैशावर ही जनावरं वाढतात. असं एक डोकं पुरतं मला खोटा पाडायला." तो उठला. "मला आज सही करता येणार नाही. आणि हे मला कळवावं लागेल."

अकबरने यातला शब्द न् शब्द अरबीत सांगितला. सांगताना त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

पाहुणे एकेक करून, सलाम करत, घाईने निघून गेले. अबू मिशारी शेवटपर्यंत दारात उभा राहून सगळ्यांना निरोप देत होता. मग आत आला. पुंडलिकला वाटलं, आता हात उचलेल.

"मी तुला विचारलं असतं," अबू मिशारी म्हणाला, "तर तू मला खोलीत सांगितलं असतंस?"

"खोलीतच सांगितलं होतं, अबू मिशारी. पहिल्याच दिवशी."

अबू मिशारी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "उद्यापासून कारखान्यात येऊ नकोस."

*

चार दिवस पुंडलिक रिग्गईच्या खोलीत बसून होता. कफीलने पळून गेल्याची तक्रार दिली तर रस्त्यात कुठेही उचलतील, मग तुरुंग, मग शिक्का मारून रवानगी, पुन्हा आखातात पाऊल नाही. जिन्यावर बूट वाजले की तो उठून उभा राही. खोलीतले बाकीचे तिघं कामावर जाताना त्याच्यासाठी खुबूसची रोटी ठेवून जात आणि त्याच्याकडे बघायचं टाळत.

पाचव्या दिवशी दुपारी अकबर आला. खाली बसला नाही. पासपोर्ट आणि तिकीट गादीवर टाकलं.

"तक्रार दिली नाही. इकाम्याचा, राहण्याचा परवाना सरळ रद्द केलाय. मुंबईचं विमान उद्या संध्याकाळी."

"आणि तू?"

"मला ठेवलंय. दिवाणियात यायचं नाही म्हणाले." एवढ्यावर त्याचा बांध फुटला. "मी तुमच्यासाठी भर सभेत खोटं बोललो, दादा! वीस माणसांसमोर! आणि तुम्ही मलाही उघडा पाडलंत. रबिया म्हणते, तुमचा दादा मोठा खरा माणूस, पण त्याच्या खरेपणाची झळ आपल्याला कशाला?"

"तिचा बरोबर आसा," पुंडलिक म्हणाला. "माका माफ कर."

अकबर वळला आणि जिना उतरून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र गाडी घेऊन तोच आला, आणि त्याला विमानतळावर घेऊन गेला. सामान उतरवून दिल्यावर त्याने पुंडलिकचा हात धरला. "अबू मिशारीने स्वतःच पत्र लिहिलंय," तो म्हणाला. "अमेरिकेला. वाटाड्याचं नाव घातलं, स्वतःचंही. मीच टाईप केलं. का लिहिलं ते विचारायची हिंमत झाली नाही."

पुढे कळलं ते इतकंच. वाटाड्याचा परवाना गेला, अबू मिशारीला जबर दंड झाला आणि त्या राज्यात शिकारीला कायमची बंदी. डोकं त्याने पेटीत घालून परत पाठवलं. तिकडच्या वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी रणं माजली, म्हणे. कोणी म्हणालं, लिलावच बंद करा. कोणी म्हणालं, लिलाव बंद केलात तर एडकेच उरणार नाहीत. त्यात पुंडलिकचं नाव कुठे नव्हतं, आणि तेच त्याला बरं वाटलं.

गावी पोचल्यावर त्याने बायकोला, कमलला, सगळं सांगितलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. भांडी आपटली, विहिरीवर जास्त वेळ लावला. तेजस्वीने एकदा मधे पडायचा प्रयत्न केला, तिला तिने हाताने गप्प केलं. तो देवगडला होड्यांच्या कामाचं विचारून आला. मजुरी बेताची होती, पण सोमवारपासून या म्हणाले. तिसऱ्या दिवशी दुपारी कमल पडवीत येऊन खांबाला टेकून उभी राहिली.

"पुन्ना कोणी तसा इचारल्यान तर?"

"तर सांगान," तो म्हणाला.

कमलने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं, नवऱ्याला नव्हे, कोणा पाव्हण्याला बघावं तसं. मग पदर खोचला.

"मगे आधी जेवून घे," ती म्हणाली. "भात थंड झालो."